मधले, जरा पुढे या

माझ्या झोळीत कायम दोन कॅमेरे असतात, आणि त्यावरून वराळ्याच्या आमच्या सोसायटीत माझी भरपूर टर उडवून झाली आहे. "प्रेरणाताई, नवरे दोन चालत नाहीत म्हणून कॅमेरे का?" असं एकीने हळदीकुंकवात विचारलं होतं. मी म्हटलं, नवरा बंद पडला तर घर चालतं, कॅमेरा बंद पडला तर लग्न थांबतं. बायका हसल्या. मी खरं तेच सांगत होते.

ही वडिलांची शिकवण. लोणावळ्याच्या बाजारपेठेत छत्तीस वर्षं त्यांचा 'अंबाजी फोटो स्टुडिओ' होता. आता तिथे चिक्कीचं दुकान आहे. वडील म्हणायचे, एक कॅमेरा घेऊन निघालेला फोटोग्राफर म्हणजे एका चपलेवर निघालेला माणूस.

माझा मोठा कॅमेरा रेंजफाइंडर आहे. दिसायला आजोबांच्या काळातला, आत मात्र डिजिटल. यात लेन्समधून बघायचं नसतं. वरच्या कोपऱ्यात काचेची वेगळी खिडकी असते, तिच्यातून समोरचं सगळं उघड्या डोळ्यांनी बघितल्यासारखं दिसतं. खिडकीच्या बरोबर मध्ये नखाएवढा उजळ चौकोन. त्या चौकोनात मात्र प्रत्येक गोष्ट दोनदा दिसते, जराशी सरकून. लेन्सची कडी फिरवत गेलं की दोन्ही आकृत्या एकमेकींकडे येतात, आणि एकीवर एक बसल्या की अंतर जुळलं. किती मीटर, ते लेन्सवर कोरलेलं असतं. थोडक्यात, हा कॅमेरा तुमच्यात आणि समोरच्यात किती अंतर आहे ते आधी मोजतो, मग फोटो काढतो. सत्तर सेंटिमीटरच्या आतलं त्याला मोजता येत नाही. तिथे कडी अडते.

दुसरा छोटा, मिररलेस. रुमालात गुंडाळून झोळीच्या तळाशी. लेन्सला जे दिसतं तेच मागच्या पडद्यावर दिसतं, चेहरे शोधून फोकस तो आपला आपण करतो. मोठा रुसला तर हा हाताशी, एवढ्यासाठीच तो घेतला. आणि तिसरी वस्तू म्हणजे सुताराची टेप. मला अंदाज आवडत नाही. ग्रुप लावला की मी कॅमेऱ्यापासून ओळीपर्यंत टेप धरते, लोक हसतात, मी हसू देते.

आता जागा सोडण्याचं. स्टुडिओत गावाकडची माणसं ग्रुप फोटोला यायची, तेव्हा घरातलं कुणी वारलेलं असेल तर त्याची जागा सोडून बसायची. मग खिशातून त्याचा एखादा जुना फोटो निघायचा, कुणाच्या तरी लग्नातला नाहीतर ओळखपत्रावरचा, आणि वडील मागाहून कात्री आणि गोंद घेऊन त्याला त्या जागेत बसवायचे. हेच काम मी आता संगणकावर करते. नियम एकच. जागा सोडायची ती वारलेल्यासाठी. परगावी गेलेल्यासाठी किंवा रुसून गेलेल्यासाठी सोडत नाहीत, ते अशुभ.

गेल्या डिसेंबरात उंबरवाडीच्या दत्ताचा फोन आला. त्याच्या लग्नाचे फोटो मीच काढले होते. तो कामशेतला एका गोदामात कामाला आहे. सरकारी योजनेतून घर बांधून झालं होतं, भिंतींना रंग दिला होता, आणि नव्या भिंतीवर लावायला घरच्यांचा मोठा फोटो हवा होता. "ताई, तुमीच या. मोबाइलमधला नगं," तो म्हणाला. मला बरं वाटलं. अशा गोष्टींनी मला अजूनही बरं वाटतं.

उंबरवाडी नाणे मावळाच्या अगदी टोकाला. गाडी खाली लावून अर्धा तास चढायचं. बारा घरं, एक उंबर, आणि घरांच्या मागे शंभर पावलांवर कडा. कड्याखाली कोकण. पावसाळ्यात ढग त्या कड्यावरून वर येतात आणि घरात शिरतात, असं दत्ताची बायको सुषमा सांगत होती.

अंगणात चटया टाकल्या होत्या. सुषमा बसली, तिच्या शेजारी दत्ता, मग एका माणसाची मोकळी जागा, मग दत्ताची आई हिरीमावशी आणि तिच्या पलीकडे नऊ वर्षांची नात. मोकळ्या जागेकडे बोट करून दत्ता मला हळूच म्हणाला, "हितं शिदूची जागा."

हळूच म्हणाला तरी मावशीने ऐकलं.

"जागा कशापायी? मेला का त्यो?"

"आई, चार वर्सं झाली."

"घोरावाडीच्या टेसनावर दिसला त्यो. रखमाजीनं सोता बगितला."

"रखमाजीला दोन हातांवरचा बैल दिसत न्हाई."

शिदू हा तिचा धाकटा. तुंगार्लीच्या एका बंगल्यावर माळीकाम करायचा आणि दर शनिवारी डोंगराच्या वाटेने चार तास चालत घरी यायचा. चार वर्षांपूर्वी श्रावणात एका शनिवारी तो बंगल्यातून निघाला आणि पोचला नाही. दाट धुकं होतं. दत्ताने अकरा दिवस दोर लावून कडा शोधला होता, एक चप्पलसुद्धा मिळाली नव्हती. दत्ताला भावाचं दहावं-तेरावं करून मोकळं व्हायचं होतं. आई करू देत नव्हती. जागा सोडायची म्हणजे तो गेला हे कबूल करायचं, आणि तेवढंच तिला करायचं नव्हतं. मी ट्रायपॉड उघडून उगाच स्क्रू पिळत बसले.

शेवटी मावशीच मला म्हणाली, "बाय, जागा ऱ्हाऊ दे. पन तितं फोटू डकवायचा न्हाई. त्यो आला की बसंल."

दत्ताने मान खाली घातली. मी टेप धरली. ओळीपर्यंत अडीच मीटर. मागची भिंत साडेचार मीटरच्या किंचित पुढे, कोरी निळी, तिच्यावर ना खिळा ना ओरखडा.

एकदा डोळा खिडकीला लावला की माझ्यासाठी जगात दुसरं काही नसतं. उजेड पटापट सरकत होता, मी घाईत होते. चौकोन ओळीच्या मध्यावर होता आणि त्यात एका खांद्याची कड दोनदा दिसत होती. मळकट पांढऱ्या सदऱ्याची असावी तशी, उभी. मी कडी फिरवली. कडा अडीचवर जुळेनात. जुळल्या त्या बऱ्याच मागे. म्हणजे हा माणूस ओळीत न बसता मागे राहिला होता. प्रत्येक ग्रुपमध्ये असा एक लाजरा असतोच. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, तीस वर्षं तोंडात बसलेलं वाक्य आपोआप बाहेर पडलं.

"मधले, जरा पुढे या."

कुणी हललं नाही.

"अहो मधले, तुम्हीच. या, या पुढे."

बोलता बोलता बटण दाबलं गेलं. अंगण इतकं गप्प झालं की मी डोळा काढला. मध्ये कुणी नव्हतं. मोकळी चटई होती आणि मागे निळी भिंत. सुषमाने लेकीला जवळ ओढलं होतं. दत्ता माझ्याकडे असा बघत होता, जणू मी त्याला शिवी दिली होती. हिरीमावशीने तेवढं शेजारी बघितलं आणि आपलं लुगडं आवरून घेतलं, बसमध्ये कुणी शेजारी बसायला आलं की आपण आवरतो तसं.

"चुकलं, सवयीने बोलले," मी म्हटलं. मला खरोखर लाज वाटली. मग मावशीच्या चेहऱ्यावर नीट फोकस करून आणखी चार फोटो घेतले, छोट्यानेही घेतले, आणि चहा पिऊन निघाले. फोकस बदलण्याआधी लेन्सकडे नजर गेली होती. पहिला फोटो मी तीन आणि पाच या आकड्यांच्या मध्ये, म्हणजे सुमारे चार मीटरवर काढला होता.

चार मीटरवर काही नव्हतं. भिंत साडेचारवर होती.

घरी आल्यावर पडद्यावर पहिला फोटो मोठा करून पाहिला. माणसं पुसट, भिंत स्वच्छ. मी स्वतःला समजावलं, भिंतीवर फोकस बसला, झालं. पण कोऱ्या भिंतीवर जुळवायला काहीतरी असावं लागतं. ती कड कशाची होती? दुसऱ्या दिवशी घरात टेप पसरून एक, दोन, तीन, चार मीटरवर खुर्ची ठेवत मी कॅमेरा तपासला. सगळे आकडे चोख. पुण्याच्या दुरुस्तीवाल्याने चार दिवस ठेवून घेतला आणि म्हणाला, मॅडम, हा तर तुमच्यापेक्षा सरळ आहे. त्या चार दिवसांत मी घरातल्या घरात येरझाऱ्या घालत होते. भाजी चिरताना सुरी खाली ठेवून दारापर्यंतचं अंतर मनात मोजायचे, मग उठून टेपने खरं करायचे.

जानेवारीत फोटो फ्रेम करून उंबरवाडीला घेऊन गेले. फ्रेम कुणाबरोबरही पाठवता आली असती. नाही पाठवली.

हिरीमावशीने फोटो मांडीवर घेतला, सगळ्यांच्या तोंडावरून बोट फिरवलं, मोकळ्या जागेवर बोट थांबलं.

"तुमी त्याला पुढं बोलावलंसा," ती म्हणाली. "आला का पुढं?"

"मावशी, ते माझ्या तोंडातून चुकून—"

"लय ऐकायचा त्यो. पानी भर म्हनलं तर हंडा भरून व्हायला लागला तरी वतत ऱ्हायचा. बास म्हनस्तवर थांबायचा न्हाई." ती थोडी हसली. "बगा की एकदा."

नाही म्हणायला हवं होतं. पण मलाही बघायचंच होतं, त्यासाठीच तर मी डोंगर चढून आले होते. दत्ता कामावर होता. मावशी, सुषमा आणि नात तशाच बसल्या, मध्ये जागा सोडून. मी ट्रायपॉड त्याच जागी उभा केला, टेप धरली. अडीच मीटर. डोळा लावला.

कड होती. उभी, मळकट, दोनदा.

कडी फिरवली. चारवर जुळली नाही. तीनच्या किंचित मागे दोन्ही कडा एकमेकींवर बसल्या, अशा चपखल की माझ्या हाताला ते आवडलंसुद्धा. ह्याची मला नंतर फार किळस आली.

"किती ऱ्हायलं?" मावशीने विचारलं.

आणि मी सांगितलं. माझी ही जन्मखोड आहे, कुणी मोजमाप विचारलं की मी आकडा सांगते. "तीन मीटर. तुमच्या मागे हातभर."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मावशीने मागे वळून बघितलं नाही. नुसतं तोंड उजळलं, आणि डोळ्यांतून पाणी आलं. सुषमा मात्र चटईवरून ताडकन उठली आणि घरात गेली. तिनेच दत्ताला फोन केला असणार, कारण मावशीने जेवल्याशिवाय सोडलं नाही, आणि मी सामान भरेपर्यंत तो मोटारसायकल खाली टाकून, धापा टाकत वर आला.

"ताई, तुमी शिकल्याली मानसं. तुमी बी?"

"दत्ता, मी फक्त आकडा—"

"चार वर्सं मी हिला समजावतोय. आता ही हितनं उठंल का? तुमीच सांगा, उठंल का?"

त्याचं खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला. "बरं," मी म्हटलं, "मी त्याला परत मागे व्हा म्हणते. मिटलं?"

मावशीने माझं मनगट धरलं. सत्तरीच्या बाईच्या हातात एवढं बळ असेल असं वाटलं नव्हतं.

"मागं व्हा म्हनू नगा, बाय. मागं कडा हाय."

दत्ता बोलायचा थांबला. चार वर्षं ही बाई घोरावाडीच्या स्टेशनचं नाव घेत होती. कड्याचं नाव तिने पहिल्यांदा घेतलं होतं, आणि तिलाही ते कळलं असावं, कारण तिने माझा हात सोडला आणि फ्रेम पुन्हा मांडीवर घेतली.

फेब्रुवारीभर मी छोट्या कॅमेऱ्यावर कामं केली. एक साखरपुडा, दोन बारशी. लोकांनी विचारलं, मोठा कुठाय? मी म्हटलं, दुरुस्तीला. फोटो चांगले आले. छोट्यात काहीही नव्हतं. जे समोर होतं तेवढंच पडद्यावर होतं. तरी ग्रुप लावताना मी आधी माणसं मोजायचे, मग पडद्यावरची मोजायचे, मग पुन्हा माणसं. आणि कुणालाही मागे सरका म्हणायला जीभ वळेना. ओळ बसत नसेल तर मीच मागे जायचे.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात दत्ताचा फोन आला. आवाजात राग उरला नव्हता.

"ताई, आई रोज अंगनात बसतीया. सकाळधरनं. शेजारी जागा धरून. ऊन लागलं तरी उठत न्हाई. दोन घास खाती. काल चक्कर येऊन पडली. तुमच्या त्या आकड्यापायी झालंय. तुमीच मिटवा. कॅमेरा बिघडला व्हता म्हना. काय बी म्हना."

मी जाताना पाठ करत गेले. कॅमेरा बिघडला होता, मावशी. दुरुस्तीवाल्याने सांगितलं. त्यात दिसतं ते खोटं असतं. खोटं बोलायची मला सवय नाही, पण हे जमेल असं वाटत होतं.

हिरीमावशी निम्मी झाली होती. चटईवर तीच जागा, शेजारी तीच मोकळी जागा, तिथे पितळेचा पाण्याचा तांब्या झाकून ठेवलेला. दत्ता त्या जागेच्या पलीकडे उकिडवा बसला होता.

मी पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवलं. तिने ऐकून घेतलं. मग मी छोटा कॅमेरा काढून पडदा तिच्यासमोर धरला. "हे बघा. यात लबाडी नाही. ही तुम्ही, हा दत्ता, ही मधली जागा. कुणी आहे का?"

तिने निरखून पाहिलं.

"ह्यात अंगन दिसतंय," ती म्हणाली. "अंगन तर मला डोळ्यांनी बी दिसतंय. त्यातनं बगा."

झोळीतून मोठा कॅमेरा निघाला तो मी काढला म्हणूनच. आणायचं काही कारण नव्हतं, तरी आणला होता. ट्रायपॉड, टेप, अडीच मीटर. नुसतं डोळा लावायचा, कुणी नाही म्हणायचं, आणि कायमचं मिटवायचं, असं ठरवून मी वाकले.

कड होती.

तीनवर दोन्ही कडा लांब.

अडीचवर, म्हणजे मावशीच्या ओळीत, त्या जवळ आल्या. फार जवळ. तिथे जुळल्या असत्या तर मी सगळं मान्य केलं असतं, अगदी देवाशप्पथ.

जुळल्या नाहीत. मी कडी आणखी फिरवली.

दोनच्याही आत जुळल्या.

म्हणजे तो ओळीत थांबला नव्हता. आईच्या शेजारून, तांब्याच्या शेजारून, सरळ पुढे आला होता. मी पुढे या म्हटलं होतं. बास कुणी म्हटलंच नव्हतं.

"किती?" मावशीने विचारलं.

दत्ता माझ्याकडे बघत होता. उन्हात तिचे ओठ पांढरे पडले होते. माझ्या तोंडात खरा आकडा तयार होता. एक पूर्णांक नऊ.

"आला," मी म्हटलं. "तुमच्या शेजारीच आहे."

"बसला?"

"बसला."

"मग बास म्हना त्याला. न्हाईतर चालत ऱ्हाईल."

मी त्या मोकळ्या चटईकडे बघून मोठ्याने म्हटलं, "बास. तिथंच."

मावशीने तांब्या उचलून पलीकडे ठेवला आणि मोकळ्या जागेवर हात ठेवला. पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा तो हात फिरत राहिला. बराच वेळ. मग ती मोठ्याने रडली. चार वर्षांत रडली नव्हती, असं दत्ता नंतर म्हणाला. रडून झाल्यावर पदराने तोंड पुसून तिने दत्ताला म्हटलं, "घरी आला त्यो. आता कर बाबा त्याचं काय करायचं ते." आणि ती भिंतीला धरून उठली आणि आत जाऊन जेवली.

दत्ता माझ्या पाया पडायला लागला. मी मागे सरकले. कॅमेरा ट्रायपॉडवर तसाच होता, त्याचं तोंड अंगणाकडे. आपण कधी नव्हे ते एक चांगलं खोटं बोललो, एवढंच मी मनात घोकत होते. लेन्सवरचा आकडा मी कुणाला दाखवला नाही.

महिनाभराने दत्ताने शिदूचा फोटो पाठवला, बंगल्याच्या बागेतला. मी तो मधल्या जागेत बसवला. अंगात मळकट पांढरा सदरा होता. दत्ता म्हणतो, आई आता शेतावर जाते, भिंतीवरच्या फोटोला सणावाराला हार घालते, घोरावाडीचं नाव काढत नाही. हे ऐकून मला आनंद होतो. खरंच होतो.

त्यानंतर मोठा कॅमेरा झोळीच्या तळाशी गेला, रुमालात, आणि छोटा गळ्यात आला. दोन कॅमेरे घेऊन निघायचं हा वडिलांचा नियम, तो मी मोडला नाही.

परवा तुंगार्लीला एका बंगल्यावर पंचाहत्तरीचं काम होतं. सकाळचे दहा, हिरवळीवर स्वच्छ ऊन, खुर्च्यांवर अकरा माणसं खांद्याला खांदा लावून. कुणाची जागा सोडलेली नाही, मी दोनदा मोजलं. टेप धरली, चार मीटर. पहिल्याच फोटोला छोट्याचा पडदा काळा पडला. बॅटरी बदलली, कार्ड बदललं, काही उपयोग नाही.

"मॅडम, दुसरा कॅमेरा आहे ना?" सूनबाईंनी विचारलं.

होता.

मी रुमाल सोडला. डोळा लावला. चौकोनात आजोबांचा चष्मा दिसायला हवा होता.

चौकोन भरून मळकट पांढरं होतं. त्यात उभी कड, दोनदा.

चार. तीन. दोन. एक.

सत्तर सेंटिमीटरवर कडी अडली. दोन्ही कडा अजून एकमेकींपासून लांब होत्या.

मी एक पाऊल मागे गेले. कडा तेवढ्याच लांब राहिल्या. आणखी एक पाऊल मागे गेले.

"बास," मी म्हटलं. अकरा माणसं आज्ञाधारकपणे ताठ बसली. कडा हलल्या नाहीत. एकच वाक्य उरलं होतं, मागे व्हा, रोज शंभरदा म्हणायचे ते. ते जिभेवर आलं आणि मनगटाला त्या म्हाताऱ्या हाताची पकड जाणवली.

मी आणखी मागे गेले. टाच दगडाला लागली. हिरवळीच्या कडेचा बांध, गुडघ्याएवढा. त्याच्यामागे थेट तलावापर्यंत उतार.

"मॅडम," सूनबाई हसत म्हणाल्या, "कडेचे दोघं येत नाहीयेत वाटतं. अजून एक पाऊल मागे जा ना."